रिकॉम्बिनंट ह्यूमन पीडी-१ पहिल्यांदा वापरताय? व्हायल मागवण्यापासून टी सेलच्या प्रयोगापर्यंत सगळं क्रमाने

इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या माणसाला लवकरच कुणीतरी एक बारकी व्हायल देतं आणि सांगतं, हा पीडी-१ आहे, एलायझा (प्लेटवर प्रोटीन बसवून त्याला काय चिकटतं ते रंगाने बघायची चाचणी) लावून बघ. प्रोटोकॉलचा कागदही मिळतो. पण त्या व्हायलमध्ये नेमकं काय आहे, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय नाही, हे कुणी नीट बसून सांगत नाही, आणि मग सिग्नल आला नाही की प्रोटीन खराब आहे असं म्हणून विषय संपतो. बऱ्याचदा प्रोटीन चांगलं असतं, प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. म्हणून हा लेख. उदाहरण पीडी-१ चं घेतलंय, कारण त्यात शिकण्यासारखं खूप आहे, पण यातलं बरंचसं सीडी४७, टिम-३, सीटीएलए-४ अशा इतर इम्यून सेलवरच्या प्रोटीनलाही लागू पडतं.

आधी थोडी ओळख. पीडी-१ म्हणजे सीडी२७९, जीनचं नाव पीडीसीडी१. १९९२ मध्ये तासुकु होन्जो यांच्या क्योटो युनिव्हर्सिटीतल्या ग्रुपने तो शोधला, आणि २०१८ चं मेडिसिनचं नोबेल होन्जो आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना मिळालं ते चेकपॉइंटचा, म्हणजे इम्यून सेलला आवरणाऱ्या प्रोटीनचा, ब्रेक सोडवून कॅन्सरवर उपचार करता येतात या कामासाठी. पीडी-१ टी सेलच्या पृष्ठभागावर असतो, समोरच्या पेशीवर पीडी-एल१ किंवा पीडी-एल२ असला की दोघं जुळतात आणि टी सेलला ब्रेक लागतो. इतकं बहुतेकांना माहीत असतं.

जे लक्षात राहत नाही ते हे की तुमच्या व्हायलमध्ये आख्खा पीडी-१ नाहीये. पूर्ण प्रोटीन २८८ अमिनो आम्लांचं. सुरुवातीचा तुकडा म्हणजे सिग्नल पेप्टाइड, तो पेशीच कापून टाकते. मग बाहेर डोकावणारा भाग, मग मेम्ब्रेनमधून आरपार जाणारा भाग, आणि शेवटी पेशीच्या आत लोंबणारी शेपटी. बाजारात मिळणारं रिकॉम्बिनंट (दुसऱ्या पेशीत जीन घालून बनवलेलं) प्रोटीन म्हणजे बहुतेक वेळा फक्त बाहेरचा भाग, साधारण २५ नंबरच्या ल्युसिनपासून १६७ च्या ग्लुटामिनपर्यंत. मेम्ब्रेनचा भाग काढलेला असतो कारण तो ठेवला तर प्रोटीन पाण्यात विरघळणारच नाही. आणि ब्रेक लावण्याचं खरं काम जी शेपटी करते, जिच्यावर एसएचपी-२ हे एन्झाइम येऊन बसतं, ती यात नाहीच. म्हणजे हे प्रोटीन बाइंड करतं, बस. कल्चरमध्ये पीडी-१ टाकला म्हणून टी सेलला ब्रेक लागेल असं होत नाही, उलट तो समोरच्या पीडी-एल१ ला अडवून बसायचा प्रयत्न करेल. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं तरी पुढचे बरेच घोटाळे टळतात.

पायरी १: मागवण्याआधी प्रयोग ठरवा

आधी प्रोटीन मागवायचं आणि मग त्याचं काय करायचं ते ठरवायचं, असं होतं खूप. उलटं करा. तीन गोष्टी बघायच्या आहेत, कुठल्या पेशीत बनवलंय, टॅग (प्रोटीनच्या टोकाला मुद्दाम जोडलेला तुकडा) कुठला आहे आणि सोबत दुसरं काही मिसळलंय का.

पीडी-१ च्या बाहेरच्या भागावर साखरेच्या साखळ्या लागायच्या चार जागा आहेत, ४९, ५८, ७४ आणि ११६ नंबरच्या अस्पारजिनवर. ई. कोलाय ह्या साखळ्या लावत नाही. शिवाय ई. कोलायमध्ये बनवलेला पीडी-१ बहुतेक वेळा इन्क्लुजन बॉडीच्या गोळ्यात अडकतो, मग तो विरघळवून परत घडी घालावी लागते, आणि ९३ नंबरचं एकटं सिस्टीन त्यात त्रास देतं म्हणून बरेच लोक तिथे सेरीन टाकतात. स्ट्रक्चरचं काम करणाऱ्यांना असलं बिनसाखरेचं प्रोटीन आवडतं कारण क्रिस्टल नीट बनतात. पण तुम्हाला अँटिबॉडी तपासायच्या असतील किंवा पेशींवर काही करायचं असेल तर एचईके२९३ (माणसाच्या) किंवा सीएचओ (हॅमस्टरच्या) पेशींतलंच घ्या. पीडी-एल१ जुळायला साखर लागतेच असं नाही, पण काही अँटिबॉडीना लागते. कॅम्रेलिझुमॅब नावाची औषधी अँटिबॉडी ५८ नंबरवरच्या साखळीला धरूनच बसते, तिला ई. कोलायचा पीडी-१ दिला तर ती जवळपास ओळखच दाखवणार नाही आणि तुम्ही म्हणाल अँटिबॉडीच वाईट आहे.

आता टॅग. हिस टॅग म्हणजे शेवटी जोडलेली सहा ते दहा हिस्टिडीनची छोटीशी माळ, प्रोटीन एकटंच राहतं, मोनोमर. एफसी टॅग म्हणजे अँटिबॉडीचा बुडखा जोडलेला असतो आणि दोन बुडखे डायसल्फाइडने एकमेकांना चिकटतात, त्यामुळे एका रेणूवर दोन पीडी-१ येतात. हा फरक खूप मोठा आहे, एलायझाच्या पायरीत त्यावर नीट बोलू. तिसरा प्रकार एव्ही टॅगवर बायोटिन लावलेला, त्यात बायोटिन ठरलेल्या एकाच लायसिनवर एन्झाइमने बसवलेलं असतं, त्यामुळे सगळे रेणू एकाच दिशेला तोंड करून बसतात. महाग पडतो, पण स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिनवर (बायोटिनला घट्ट पकडणारं प्रोटीन) बसवायचं असेल तर तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण घरच्या घरी एनएचएस बायोटिन लावलं की ते मिळेल त्या लायसिनवर बसतं, कधीकधी बाइंडिंगच्या जागेजवळही.

आणि कॅरियर. पातळ प्रोटीन ट्यूबच्या भिंतीला चिकटून वाया जाऊ नये म्हणून काही व्हायलमध्ये बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) मिसळलेला असतो. सेल कल्चरला ठीक आहे. पण प्लेट कोट करायची असेल, लेबल लावायचं असेल, एसपीआर (बाइंडिंग प्रत्यक्ष होताना मोजायची पद्धत) करायचं असेल तर कॅरियर-फ्रीच हवं, नाहीतर प्लेटवर पीडी-१ कमी आणि बीएसएच जास्त बसेल, कारण तो तुमच्या प्रोटीनच्या कितीतरी पट असतो.

पायरी २: व्हायल उघडायच्या आधी कागद वाचा

डेटाशीट आणि सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिस ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटाशीट त्या प्रॉडक्टची, सर्टिफिकेट तुमच्या हातातल्या लॉटचं. लॉट नंबर जुळवून बघा. त्यात अमिनो आम्लांची रेंज, टॅग, प्युरिटी कुठल्या पद्धतीने मोजलीय, एन्डोटॉक्सिन (बॅक्टेरियाच्या भिंतीतला, पेशींना भडकवणारा एलपीएस) किती, कुठल्या बफरमधून पावडर केलीय आणि कशात विरघळवायचीय हे असतं. प्युरिटी ९५ टक्क्यांच्या वर लिहिलेली असते पण ती जेलवरून असेल तर तिच्यात गुठळ्या दिसत नाहीत, कारण जेलच्या आधी एसडीएस आणि उष्णतेने बऱ्याच गुठळ्या सुटून जातात. एसईसी-एचपीएलसीचा (प्रोटीनचे कण आकारानुसार वेगळे करणारी पद्धत) आलेख दिलेला असेल तर तो बघा, एकच उभा पीक हवा. गुठळी म्हणजे एकाच कणावर अनेक पीडी-१, आणि त्यामुळे कमजोर बाइंडिंगसुद्धा जबरदस्त वाटायला लागतं.

अ‍ॅक्टिव्हिटीचा जो ईसी५० आकडा (अर्धा सिग्नल यायला लागणारं कॉन्सन्ट्रेशन) असतो तो त्यांच्या एलायझात, त्यांच्या कोटिंगवर, त्यांच्या लिगँडने (पीडी-१ ला जुळणाऱ्या जोडीदाराने) आलेला आहे. तोच आकडा तुमच्याकडे यायला पाहिजे असं काही नाही. प्रोटीन जिवंत आहे एवढं त्यातून कळतं.

पायरी ३: पावडर विरघळवणं

दोन मिनिटांचं काम आहे पण सगळ्यात जास्त प्रोटीन इथेच मरतं.

व्हायल फ्रीजरमधून काढली की झाकण लगेच उघडू नका, रूम टेंपरेचरला येऊ द्या, नाहीतर हवेतली वाफ आत पावडरीवर बसते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवा. पावडर प्रवासात झाकणाला, भिंतीला चिकटलेली असते, कधी तर डोळ्याला दिसतही नाही, काचेवर पातळ थर असतो नुसता. व्हायल रिकामी आहे असं समजून तक्रार करण्याआधी हे लक्षात ठेवा.

मग कागदावर जे लिहिलंय तेच टाका. पाणी म्हटलं असेल तर निर्जंतुक पाणीच, कारण पीबीएसमधून वाळवलेल्या पावडरीत मीठ आधीच आहे, वरून परत पीबीएस टाकलात तर मीठ दुप्पट होतं. १०० मायक्रोग्रॅमच्या व्हायलमध्ये २०० मायक्रोलिटर टाकले की ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होतं, सुरुवातीला हे सोयीचं पडतं. फार पातळ करू नका, ०.१ च्या खाली गेलं की प्लास्टिकला चिकटून जाणारा हिस्सा जाणवायला लागतो.

पिपेटने द्रव भिंतीवरून हळू सोडा, सगळीकडे फिरेल असा. मग १५ ते ३० मिनिटं शांत ठेवा, अधूनमधून हलकेच गोल फिरवा. व्होर्टेक्स नाही, जोरजोरात पिपेटिंग नाही, फेस येता कामा नये. फेस म्हणजे हवा आणि पाण्याची भरपूर सीमा, प्रोटीन तिथे जाऊन उलगडतं आणि मग गुठळ्या होतात. घाई असेल तर ती दुसरीकडे करा.

पायरी ४: अलिकॉट

अलिकॉट म्हणजे विरघळवलेल्या प्रोटीनचे छोटे वाटे. त्याच दिवशी, त्याच वेळी करायचे. एका प्रयोगाला लागेल तेवढं एका ट्यूबमध्ये, पण १० मायक्रोलिटरपेक्षा कमी नको, कारण छोट्या थेंबाला भिंत जास्त लागते. लो-बाइंडिंग ट्यूब घ्या. उणे ८० ला ठेवा. उणे २० चा फ्रीजर ऑटो-डिफ्रॉस्टवाला असेल तर तिथे अजिबात ठेवू नका, तो बर्फ साचू नये म्हणून स्वतःहून गरम होत असतो आणि तुम्हाला न कळता प्रोटीन वितळत-गोठत राहतं.

वितळणं-गोठणं का वाईट हे एकदा समजून घ्या म्हणजे नियम पाळायला बरं वाटतं. साध्या सोडियम फॉस्फेटच्या बफरमध्ये गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी क्रिस्टल होऊन बाहेर पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच चांगलाच खाली जातो. म्हणजे ७.४ च्या बफरमध्ये ठेवलेलं प्रोटीन गोठताना काही काळ आम्लात बसून येतं. त्यात मीठही दाटतं, बर्फाच्या कडांवर प्रोटीन चिकटतं. ट्रेहॅलोज वगैरे घातलेलं असतं ते ह्याच्यापासून वाचवायला, पण त्यालाही मर्यादा आहे. एकदा वितळलेला अलिकॉट परत गोठवू नका, ४ डिग्रीला ठेवून कागदावर दिलेल्या मुदतीत वापरून टाका.

ट्यूबवर नाव, टॅग, लॉट, कॉन्सन्ट्रेशन, तारीख. नुसतं पीडी-१ लिहू नका, सहा महिन्यांनी हिस का एफसी हे कुणालाच सांगता येत नाही.

पायरी ५: एकदा जेल चालवून बघा

हे बरेच लोक टाळतात, मी म्हणेन टाळू नका, १ ते २ मायक्रोग्रॅम खर्च होतात पण डोळ्यांनी दिसतं. हिस टॅगवाल्या पीडी-१ चं हिशोबाने वजन १७ किलोडाल्टनच्या आसपास येतं, आणि एचईकेमधला जेलवर दिसतो ३० ते ४५ च्या पट्ट्यात, तोही धारदार बँड नाही, पसरट धुरकट. नवीन माणूस घाबरतो की हे दुसरंच काहीतरी आलंय. ती साखर आहे. चार जागा, प्रत्येक रेणूवर साखळी थोडी वेगळी, म्हणून बँड पसरतो. खात्री करायची तर पीएनजीएज एफ एन्झाइम लावा, साखळ्या सुटतात आणि बँड खाली येऊन घट्ट होतो, हा एक लेन बघितला की ग्लायकोसिलेशन म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा लवकर कळतं. एफसी टॅगवाला असेल तर डीटीटी (डायसल्फाइड तोडणारं रसायन) घालून आणि न घालता असे दोन लेन चालवा, न घातलेल्यात डायमर वर दिसतो आणि घातलेल्यात तो तुटून अर्ध्यावर येतो.

कॉन्सन्ट्रेशन २८० नॅनोमीटरला मोजाल तेव्हा त्या प्रोटीनचा स्वतःचा एक्स्टिंक्शन कोइफिशंट वापरा, मशीनवर डिफॉल्ट १ असतो तो नाही. बीएसए मिसळलेला असेल तर हे मोजमापच निरर्थक, कागदावरचा आकडा धरा.

पायरी ६: एलायझा

इथे थांबून नीट वाचा, कारण सगळी गोम इथे आहे.

माणसाचा पीडी-१ आणि पीडी-एल१ एकास एक जुळतात तेव्हा ती पकड कमजोर असते, केडी (पकडीचं माप, आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट) साधारण ८ मायक्रोमोलर. पीडी-एल२ ची तीन-चारपट घट्ट, पण तीही मायक्रोमोलरमध्येच. औषधी अँटिबॉडी, म्हणजे निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब वगैरे, नॅनोमोलर किंवा त्याहून घट्ट पकडतात, हजारपट आणि वर. पीडी-१ आणि पीडी-एल१ ची जोडी जुळते पटकन आणि सुटतेही पटकन, सेकंदांचा मामला. आता तुम्ही हिस टॅगचा पीडी-१ प्लेटवर बसवला, वरून हिस टॅगचाच मोनोमर पीडी-एल१ घातला आणि मग तीनदा धुतलं, प्रत्येक धुण्यात मिनिटभर गेलं, तर शेवटी प्लेटवर काय उरणार? काहीच नाही. ही प्रोटीनची चूक नाही, तो त्या जोडीचा स्वभाव आहे.

एफसी टॅग इथे उपयोगी पडतो. एका हाताने दांडी धरून लटकणं आणि दोन्ही हातांनी धरणं यात जो फरक, तोच इथे, एक हात सुटला तरी दुसरा धरून ठेवतो आणि तेवढ्यात पहिला परत पकडतो. ह्याला अ‍ॅव्हिडिटी म्हणतात. त्यामुळे पीडी-१ कोट करून वरून एफसी टॅगचा पीडी-एल१ घातला की छान कर्व्ह येतो आणि ईसी५० नॅनोमोलरमध्ये दिसतो. तो आकडा खरा केडी म्हणून कुठे लिहू नका, प्लीज. ती दोन हातांची पकड आहे, आणि प्लेटवर पीडी-१ किती दाट बसवलाय यावर ती बदलते. खरा केडी हवा असेल तर एसपीआरवर मोनोमर घेऊन स्टेडी-स्टेट पद्धतीने काढा, आणि त्यासाठी केडीच्या खालून वरपर्यंत रेंज लागते. ५० मायक्रोमोलरपर्यंत जायचं तर पीडी-एल१ चा बाहेरचा भाग, साधारण २६ किलोडाल्टन, १.३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर इतका दाट लागतो. १०० मायक्रोग्रॅमच्या व्हायलमध्ये ते भागणार नाही, आधीच हिशोब करा.

पहिल्या प्रयोगासाठी माझी शिफारस अशी. हिस टॅगचा, कॅरियर-फ्री पीडी-१ पीबीएसमध्ये २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर, प्लेट झाकून ४ डिग्रीला रात्रभर. सकाळी ०.०५ टक्के ट्वीन घातलेल्या पीबीएसने तीनदा धुवा आणि प्लेट टिश्यूवर नीट आपटून कोरडी करा, थेंब राहिले की डुप्लिकेट जुळत नाहीत. २ टक्के बीएसएने एक तास ब्लॉक. मग एफसी टॅगचा पीडी-एल१, १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपासून तीनपट पातळ करत आठ पायऱ्या खाली, एक ते दोन तास. धुणं. मग एचआरपी (रंग आणणारं एन्झाइम) लावलेली अँटी-ह्यूमन एफसी अँटिबॉडी, एक तास. परत धुणं, इथे जास्त वेळा धुवा. मग एचआरपीमुळे रंग बदलणारं टीएमबी घाला, निळा रंग चढतो तो बघत बसा, सगळ्यात गडद वेल फार काळवंडायच्या आधी सल्फ्युरिक अ‍ॅसिडने थांबवा, पिवळं होतं, ४५० नॅनोमीटरला रीडिंग घ्या आणि ५७० वजा करा. आलेखावर चार पॅरामीटरवाला कर्व्ह बसवा, रेषा ओढू नका.

इथे दोन्ही प्रोटीनना एफसी टॅग असेल तर काय होईल विचार करा. अँटी-ह्यूमन एफसी खाली कोट केलेल्या पीडी-१ च्याच बुडख्याला जाऊन बसेल आणि पीडी-एल१ घातला-नाही घातला तरी आख्खी प्लेट पिवळी. तुम्ही ह्यूमन अँटिबॉडी तपासत असाल तरी हेच. म्हणून एक टॅग खाली, दुसरा वर, आणि डिटेक्शन फक्त वरच्याला धरणारं. बायोटिनवाला लिगँड आणि स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन-एचआरपी हा दुसरा स्वच्छ मार्ग, पण मग ब्लॉकिंगला दूध पावडर वापरू नका, दुधात बायोटिन असतं. आणि कुठल्याच बफरमध्ये सोडियम अझाइड नको, ते एचआरपीला बंद पाडतं.

कंट्रोल किती लावायचे? बिनकोटिंगची वेल, पीडी-१ ऐवजी दुसरं एखादं संबंध नसलेलं हिस टॅगचं प्रोटीन कोट केलेली वेल, आणि पीडी-एल१-एफसी ऐवजी नुसता एफसी घातलेली वेल. ह्या तीन नसतील तर सुंदर कर्व्हलाही अर्थ नाही. चौथा कंट्रोल ब्लॉकिंगचा, निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅबची रिसर्च ग्रेड अँटिबॉडी आधी घालायची आणि सिग्नल पडतो का बघायचं, मात्र तेव्हा लिगँड बायोटिनवालाच हवा, कारण ह्या दोन्ही अँटिबॉडीना स्वतःचा ह्यूमन एफसी आहे. सिग्नल पडला तर खात्रीने म्हणता येतं की दिसतंय ते पीडी-१ चंच.

अजून एक हिशोबाची गोष्ट. हिस आणि एफसी प्रोटीनची तुलना करताना वजन सारखं ठेवून करू नका. १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे १७ किलोडाल्टनच्या हिस पीडी-१ चे जवळपास ५९ नॅनोमोलर, आणि एफसीवाल्याची एक साखळी ४३ च्या आसपास धरली तर २३. मोलरमध्येच बोला.

पायरी ७: पेशींवर बाइंडिंग

फ्लो सायटोमेट्रीत (पेशी एकेक करून लेझरने मोजायच्या पद्धतीत) पीडी-१-एफसी वापरून पेशींवरचा पीडी-एल१ रंगवता येतो. बऱ्याच ट्यूमर सेल लाइनवर पीडी-एल१ मुळात कमी असतो, २४ तास इंटरफेरॉन गॅमा दिला की वाढतो, म्हणून दिलेल्या आणि न दिलेल्या पेशी शेजारी शेजारी ठेवा. मोनोसाइट, मॅक्रोफेज, बी सेल असतील तर सावध, त्यांच्यावर एफसी रिसेप्टर असतात आणि ते तुमच्या प्रोटीनचा बुडखा धरतात, पीडी-१ कडे बघतही नाहीत. एफसी ब्लॉक वापरा आणि नुसत्या एफसीचा कंट्रोल इथेही लावा. उंदराच्या पेशी असतील तरी घाबरू नका, माणसाचा पीडी-१ उंदराच्या पीडी-एल१ ला जुळतो. अँटिबॉडीचं मात्र तसं नाही, पेम्ब्रोलिझुमॅब उंदराचा पीडी-१ ओळखत नाही.

पायरी ८: टी सेलचा प्रयोग आणि एन्डोटॉक्सिन

ब्रेक लागतो का हे बघायचं असेल तर इथे लागतो पीडी-एल१-एफसी, आणि पीडी-१ असतो तुमच्या टी सेलवर. शांत बसलेल्या टी सेलवर पीडी-१ फारच कमी असतो, अ‍ॅक्टिव्हेट झाल्यावर येतो, त्यामुळे ताज्या पेशींवर पहिल्या काही तासांत ब्रेक शोधू नका. आणि पीडी-एल१-एफसी नुसता मीडियात तरंगता टाकून भागत नाही, तो प्लेटवर किंवा बीडवर अँटी-सीडी३ (टी सेलला चालू करणारी अँटिबॉडी) च्या शेजारी बसवावा लागतो, म्हणजे टी सेलला चावी आणि ब्रेक एकाच जागी मिळतात. तरंगता टाकला तर तो उलट ब्लॉकरसारखा वागू शकतो.

साधारण अँटी-सीडी३ १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास आणि पीडी-एल१-एफसी ५ ते १० असं एकत्र कोट करतात. अँटी-सीडी३ आधी वेगवेगळ्या डोसमध्ये लावून बघा आणि अर्धवट अ‍ॅक्टिव्हेशन देणारा डोस निवडा, फुल जोरात चावी फिरवली तर कुठलाच ब्रेक दिसत नाही. आता बारकी पण फार महत्त्वाची गोष्ट. प्लास्टिकवर जागा मर्यादित असते. पीडी-एल१-एफसी जास्त टाकला की तो अँटी-सीडी३ ची जागा खातो, टी सेलला चावीच कमी मिळते, आयएल-२ आणि इंटरफेरॉन गॅमा खाली येतात आणि तुम्हाला वाटतं ब्रेक लागला. म्हणून कंट्रोल वेलमध्ये तेवढ्याच प्रमाणात नुसता एफसी घालायचाच, रिकामी जागा ठेवायची नाही. हा कंट्रोल नसलेला डेटा मला कुणी दाखवला तर मी आधी तोच मागते.

आता एन्डोटॉक्सिन. ह्याचा आकडा कागदावर १ ईयू (एन्डोटॉक्सिन युनिट) प्रति मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असा लिहिलेला असतो, वाचायला छान वाटतं. हिशोब करा. १ ईयू म्हणजे साधारण ०.१ नॅनोग्रॅम एलपीएस. तुम्ही १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर वापरलं तर १० ईयूपर्यंत, म्हणजे १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एलपीएस कल्चरमध्ये जाऊ शकतो, आणि तेवढ्यावर मोनोसाइट टीएनएफ अल्फा आणि आयएल-६ ओतायला लागतात. पीबीएमसी (रक्तातल्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशींचं मिश्रण) वापरताय तर मोनोसाइट त्यात आहेतच. मग पेपरात लिहिलं जातं की अमुक प्रोटीन इन्फ्लमेशन वाढवतं, आणि वाढवलेलं असतं बॅक्टेरियाच्या कचऱ्याने. पेशींच्या कामासाठी ०.१ किंवा त्याहून कमीवालं घ्या. एचईकेमध्ये बनवलंय म्हणून एन्डोटॉक्सिन नसेल असं धरू नका, पाणी, कॉलमचं रेझिन, काचेची भांडी, कुठूनही येतं.

शंका आली तर सोपी परीक्षा आहे. प्रोटीनचा थोडा भाग ९५ डिग्रीला अर्धा तास तापवा. प्रोटीन मरतं, एलपीएस मरत नाही. तापवलेलं टाकूनही पेशी तशाच भडकल्या तर ते पीडी-एल१ चं काम नव्हतं. पॉलिमिक्सिन बी घालून भडका शांत होतो का तेही बघा. आणि अझाइड इथेही नको, पेशींना विष आहे ते.

पायरी ९: लॉट बदलताना

जुना लॉट संपायच्या आधी नवा मागवा, संपल्यावर नाही. दोन्ही एकाच प्लेटवर, एकाच दिवशी, एकाच लिगँडच्या पातळीकरणात चालवा आणि कर्व्ह एकावर एक ठेवून बघा, फक्त ईसी५० नाही, वरचा सपाट भागही, कारण नव्या लॉटमध्ये प्रोटीनचा काही हिस्सा मेलेला असेल तर तो आधी तिथे दिसतो. जेलही सोबत चालवा, साखरेचा पट्टा वर-खाली सरकलाय का कळतं. फरक जास्त असेल तर चालू असलेल्या प्रयोगांची मालिका जुन्या लॉटवरच पूर्ण करा, त्यासाठी दोन-तीन अलिकॉट आधीच बाजूला काढून त्यावर वेगळ्या रंगाची टेप लावून ठेवा. वहीत प्रत्येक प्लेटसमोर कॅटलॉग नंबर आणि लॉट नंबर दोन्ही लिहा, मेथड्स लिहिताना कॅटलॉग नंबर, होस्ट सेल, अमिनो आम्लांची रेंज आणि टॅग ह्या चारही गोष्टी द्या, म्हणजे दुसऱ्या लॅबमधल्या माणसाला तुमचा प्रयोग परत करता येईल.